रेझिनमधला पंजा
होडीतली कुजलेली आडवी फळी उपसली आणि मागं माझ्या नवऱ्याचा पंजा उमटलेला दिसला. लग्नाच्या वर्षी हीच होडी दुरुस्त करताना एमिलनं फायबरवरच्या ओल्या, चिकट रेझिनवर हात टेकला होता, आणि मी त्याला वेंधळा म्हटलं होतं. “नवं प्लायवुड बसवून वर फायबर चढवू,” दीर म्हणाला. “आधी हे घासायला हवं, वहिनी.” “पंजा राहू दे की.” “खरखरीत केल्याशिवाय नवा थर धरत नाही. सोमवारी लॉबस्टरचा हंगाम उघडतोय, तुझा लेक पिंजरे लादून निघेल. समुद्रानं माझा भाऊ नेला, पुतण्या नको.” मी त्या पंज्यावर हात ठेवला. मग ग्राइंडर मीच हातात घेतला. पंज्याची काचेरी धूळ बाह्यांत शिरली. संध्याकाळी दिरानं नळ सोडला. “थंड पाण्यानं हात धू, वहिनी. नाहीतर रात्रभर खाजेल.” मी बाह्या खाली ओढल्या. “खाजू दे.”