काकीचे दगड

शेवंतीकाकी दोन घासांतच ताटावरून उठली. वहाळाचा खळखळाट थेट चुलीपर्यंत ऐकू येत होता. पाणी समुद्राला चाललं होतं आणि बंधारा अर्धाच झाला होता.

दिवाळी सरली की बंधारा घालायला घरटी एक माणूस यायचा, असा वाडीचा रिवाज. पाणी अडलं की सगळ्यांच्याच विहिरींना पाझर फुटायचा. यंदा नारळ फोडायला सगळे आले आणि खोबरं खाऊन सगळे पांगले. तेव्हापासून काकी एकटीच दगड रचत होती.

ती वहाळात उतरते न उतरते तोच साकवावरून जाणारा दिगंबर ओरडला, "काकी, तू आहेस म्हणून आम्हाला घोर नाही बघ!"

काकीच्या अंगाची लाही लाही झाली. आपण रचतोय तोवर एकजण इकडे फिरकायचा नाही. तिने पहार घातली आणि आपणच बसवलेला दगड उखडला. मग दुसरा.

दिगंबरने अशी बोंब ठोकली की अख्खी वाडी धावत आली.

"डोकं फिरलं काय तुझं? आमचं पाणी चाललं ना!" गुडघाभर पाण्यात शिरून त्याने घरंगळणारा दगड पोटाशी धरला.

"पाणी तुमचं, दगड माझे. परसात पायरी करीन त्यांची."

दिगंबर दगड काही सोडेना.

"बरं, उचललायस तर ठेव जागेवर." काकीने पहार त्याच्या मागे उभ्या असलेल्याच्या हातात कोंबली. "मी जेवून येते."