वर येण्याची खूण

रुक्माबाईने खाटेच्या फळीवर तीनदा ठोकलं, तेव्हा कुठे दत्तारामने श्वास घेतला. होडीवरून पाणबुड्यांना वर बोलावण्याची ती खूण होती.

"कालवं काढायला डॉल्फिनसारखा दम यावा म्हणून शस्त्रक्रिया करून घेतली ना त्याने?" डॉक्टर म्हणाले. "आता डॉल्फिनसारखाच त्याचा श्वास आपोआप चालत नाही, ठरवून घ्यावा लागतो. मालवणहून श्वास देणारं यंत्र येईपर्यंत त्याला गुंगी येऊ देऊ नका."

दुपारी ताप चढला. रुक्माबाईने ठोकलं. तो हलला नाही.

"झिला, श्वास घे रे. तू घरात आसस."

"थांब गो आये," तो डोळे मिटूनच पुटपुटला. "अजून खालीच आसय. वर इलय की घेतंय."

आणि पाणी आत जाऊ नये म्हणून त्याने ओठ घट्ट मिटले.

रुक्माबाई फळीवर ठोकतच राहिली.