मॅडम, मागं बघा!

कबड्डीच्या मॅटवर संग्राम नावाचा धिप्पाड खेळाडू ओरडत पंच मृणालिनी खाडेच्या अंगावर धावून आला. ती हलली नाही. प्रशिक्षण केंद्रातल्या आभासी मैदानात असे संतापलेले खेळाडू तिने वर्षभर शांतपणे परतवले होते.

तिने ताकिदीचं हिरवं कार्ड दाखवलं.

"मॅडम, मागं बघा!"

तिला शब्द ऐकूच आले नाहीत, फक्त चढलेला आवाज ऐकू आला. तिने दोन मिनिटं बाहेर बसवणारं पिवळं कार्ड काढलं, तसा संग्राम रडायला लागला.

आभासी खेळाडू कधीच रडत नसत. ती दचकून वळली. मागे त्याचा साथीदार आचके देत पडला होता आणि डॉक्टर मॅटच्या कडेला तिच्याच इशाऱ्यासाठी खोळंबले होते.

तो थोडक्यात वाचला.

दुसऱ्या दिवशी केंद्रातले प्रशिक्षक शिरोडकर खुशीत होते. "तुमच्या मनगटपट्टीची नोंद पाहिली, काल सामन्यात तुमची नाडी जरासुद्धा वाढली नाही. कमाल आहे!"

रात्रभर जागलेली मृणालिनी म्हणाली, "सर, मदतीसाठी ओरडणारा माणूस तुमच्या यंत्रात एकदाही का आला नाही?"

"कुणी मागितलाच नाही."

"मी मागतेय," ती म्हणाली. तिचे हात थरथरत होते आणि तिने ते थांबवले नाहीत.