हाताशी

नवऱ्याच्या देशात कायमचं राहायला जायचं ठरलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेली आई नुसतं "बरं" म्हणाली आणि पुढे त्यावर अवाक्षर न काढता गेली. आई रुसूनच गेली, हा सल लेकीने सामानासोबत आणला.

मुलांना घेऊन ती सासरी पोहोचली. स्वयंपाकघरात पळ्या, सुऱ्या, कात्री, सगळं शेगडीच्या डावीकडे टांगलेलं.

"मी डावरी आहे, हे तू सांगितलंस?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मला कुठलं सुचायला?"

सासूबाई आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. नवरा सांगू लागला, "तुझी आई हिला रोज व्हिडिओ कॉल करायची म्हणे. एकमेकींचं बोलणं ओ का ठो कळायचं नाही. ती आपली डावा हात हलवून दाखवायची, हिला समजेपर्यंत."

लेकीने न बघताच हात लांब केला. पळी हाताशीच होती.