यकृतावरचे तीन डाग

“ताप आहे म्हणून सांग,” नवरा कुजबुजला आणि उशीत तोंड खुपसून पडला.

ताप वगैरे काही नव्हता. होती ती निव्वळ भीती. आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली तेव्हाच्या वेदना अजून त्याच्या अंगात मुरलेल्या होत्या, आणि आता यकृतावर तीन डाग निघाले होते. तेही कापून काढायचे होते. त्याआधी ते लहान व्हावेत म्हणून केमो चालू होती.

तिने फोन लावला. “डॉक्टर, यांना ताप भरलाय हो. ऑपरेशन जरा पुढं ढकलता येईल का?”

“पुन्हा?” सर्जन म्हणाले. “ताई, मागच्या वेळी सर्दी होती. डाग लहान झालेत, हीच वेळ आहे. उशीर नको.”

पण तापात ऑपरेशन करता येत नाही म्हणून त्यांनी नाइलाजाने तारीख पुढे ढकलली.

“त्यांना सुरी चालवायची घाई झालीय,” नवरा म्हणाला. “औषध एवढं लागू पडतंय तर पडू दे की. डाग आपोआप गेले तर कशाला कापाकापी?”

तिला ते पटलं. खरं तर तिला ते पटवूनच घ्यायचं होतं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या त्या बाकावर तिला पुन्हा बसायचं नव्हतं.

तारीख पुढे गेली की मधे नुसतं थांबायला नको म्हणून केमोचा आणखी एक डोस व्हायचा. नवरा ओकून ओकून अर्धा झाला. टकलावरून हात फिरवत “तेलाचा खर्च वाचला” म्हणायचा, आणि सुरीपेक्षा हे बरं, असंही म्हणायचा. तापानंतर त्याची दाढ दुखली. दाढेच्या वेळी फोनवर तिची जीभ अडखळलीसुद्धा नाही.

शेवटी पुन्हा स्कॅन झाला. सर्जन कॉम्प्युटरवरची चित्रं पुढेमागे करत राहिले.

“एकही डाग दिसत नाही,” ते म्हणाले.

नवऱ्याने तिचा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “म्हणजे ऑपरेशन टळलं?”

सर्जन हसले नाहीत. “रोग गेलाय असं नाही, ताई. औषधानं डाग पुसले जातात, मुळं बहुतेकदा आतच राहतात. म्हणून तर ते दिसताहेत तोवर या म्हणत होतो.”

त्यांनी स्क्रीन दोघांकडे वळवला. त्यावर सगळीकडे सारखंच करडं यकृत होतं.

“आता कापू कुठे?”