आठवा ठोका

बायको सरोजिनी गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून आला, त्या दुपारी बुकित बातोक या परदेशी उपनगरातल्या फ्लॅटमध्ये प्रबोधला भिंतीतले ठोके पहिल्यांदा ऐकू आले. तिला ते महिनाभर ऐकू येत होते. "रोज तीनला, बरोबर सात," ती म्हणायची आणि तो हसायचा.

ती एका संग्रहालयासाठी गारगोटीतून सोनं काढणाऱ्या, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खाणीची तपासणी-वही टाइप करत होती. तेरावं झाल्यावर त्याने तिने टाइप केलेलं शेवटचं पान वाचलं. निरीक्षकाने लिहिलं होतं, आधाराची लाकडं कुजल्याचं मी दोनदा कळवलं होतं. आता छत कोसळून सात जण आत अडकलेत. प्रत्येक जण एक ठोका देतो. बाहेरून तितकेच ठोके परत द्यायचे, म्हणजे कुणीतरी न्यायला येतंय हे त्यांना कळतं.

"वर रिनोव्हेशन चाललंय लाह, बाबा," ठोक्यांबद्दल ऐकून त्याची मुलगी इरा तिथल्या बोलीच्या लकबीत म्हणाली. तेवढ्यात तीन वाजले. ती बोटांवर मोजत गेली.

सात ठोके हातोड्याचे होते. आठवा हलका होता, सरोजिनी वाकवलेल्या बोटाने दार वाजवायची तसा.

तेव्हापासून प्रबोध रोज तीनला भिंतीशी उभा राहतो. उलट ठोके त्याने अजून दिलेले नाहीत.