फोनवरचा पंखा

सुटे भाग आणून तिने स्वतः जोडलेला कॉम्प्युटर काही केल्या सुरू होईना. संध्याकाळपर्यंत काम पाठवायचं होतं. शेवटी तिने मामाला फोन लावला. दुरुस्तीत त्याचा हातखंडा होता.

“बटण दाब,” मामा म्हणाला.

तिने दाबलं. दिवा लागला नाही, काही हललंही नाही.

“झाला की सुरू. पंखा ऐकू येतोय मला.”

“मामा, इथे सगळं ठप्प आहे.” तिने भिंतीतला प्लगच ओढून काढला.

“अजून फिरतोय. आणि बोलता बोलता टाइप कशाला करतेयस? टकटक ऐकू येतेय.”

“कीबोर्ड अजून खोक्यातच आहे.”

मामा अगदी हळू म्हणाला, “बाळा, खोलीतून बाहेर पड. तू हे बोललीस, तशी टकटक थांबली.”